देवाला सगळं आधीच माहीत होतं, तर सन्हेरीबाचा दोष काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की माणूस विरोध करणार हे देवाला आधीच माहीत असतं, तो मोडायची ताकदही त्याच्याकडे असते, मग तो विरोध होऊच का देतो, विरोध करणाऱ्याला दोष कसा लावायचा, आणि सगळं ठरलेलंच असेल तर प्रार्थना कशाला करायची. शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की घरातलीच माणसं तुमच्या विश्वासाच्या विरोधात आहेत म्हणून हे विचारावंसं वाटलं. मी बरीच वर्षं ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जुना करार शिकवतोय आणि हा विषय निघाला की लोक लगेच रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय उघडतात आणि तिथेच वाद घालत बसतात. तो अध्याय महत्त्वाचा आहेच, पण सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकापासून करा, कारण तिथे हा प्रश्न हवेतला राहत नाही, तिथे एक खरा राजा आहे, अश्शूर साम्राज्याचा सन्हेरीब, यहूदावर, म्हणजे यरुशलेमच्या राज्यावर, त्याची खरी स्वारी आहे, तिचं साल माहीत आहे, इ.स.पू. ७०१, आणि विरोध करणाऱ्याची बाजू त्याने स्वतः मातीच्या प्रिझमवर कोरून ठेवलेली आजही वाचता येते.

पण त्याआधी एक गैरसमज बाजूला काढू. आपल्याकडे ‘देवाला आधीच माहीत’ म्हटलं की मनात पहिलं येतं ते सटवाईचं, म्हणजे बाळाच्या पाचवीला ती येऊन कपाळावर लिहून जाते आणि मग ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही. पाचवीला पुजलेलं हा शब्दच आपण तसा वापरतो. ख्रिस्ती झालेल्या घरांतही हा विचार आत कुठेतरी शिल्लक असतो, फक्त सटवाईच्या जागी देव बसवला जातो. बायबलमधलं पूर्वज्ञान असलं नाही. १ शमुवेल २३ वाचा. दावीदाने कईला नावाचं गाव पलिष्ट्यांपासून वाचवलं, ते लोक खळी लुटत होते. त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला कळलं की दावीद तटबंदीच्या गावात अडकलाय, त्याने स्वारीची तयारी केली. दावीद याजकाला एफोद (देवाचा कौल घ्यायचं याजकाचं वस्त्र) आणायला सांगतो आणि देवाला सरळ दोन प्रश्न विचारतो, शौल येईल का? देव म्हणतो येईल. गावातले लोक मला त्याच्या हाती देतील का? देव म्हणतो देतील. आणि दावीद काय करतो, तर आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन गाव सोडतो, शौलाला ते कळतं आणि तो स्वारी रद्द करतो. म्हणजे देवाने जे सांगितलं ते दोन्ही खरं होतं आणि दोन्हीतलं काहीच घडलं नाही! देवाला फक्त काय होणार एवढंच माहीत नव्हतं, दावीद थांबला तर काय होईल हेही माहीत होतं, आणि ते त्याने दावीदाला बांधून ठेवायला नाही तर सोडवायला सांगितलं. लोक हा उतारा पटकन वाचून पुढे जातात, पण मला विचाराल तर पूर्वज्ञानावर बोलायला याच्याइतका स्वच्छ उतारा दुसरा नाही.

आता यशया. गोष्ट ७०१ च्या तीसेक वर्षं आधी सुरू होते. यहूदात आहाज राजा आहे, ७०१ च्या स्वारीच्या वेळी गादीवर असलेल्या हिज्कीयाचा बाप, उत्तरेकडून अराम आणि इस्राएल ही दोन राज्यं एक होऊन चालून येतायत, राजाचं आणि प्रजेचं मन वाऱ्याने झाडं हलावीत तसं हललंय असं यशया ७ म्हणतो. देव यशयाला मुलासकट पाठवतो आणि जागा अगदी पत्ता दिल्यासारखी सांगतो, वरच्या तळ्याच्या नळाच्या टोकाशी, परीटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ही जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. यशया म्हणतो घाबरू नकोस, हे दोघं टिकणार नाहीत, देवाकडे चिन्ह माग. आहाज चिन्ह मागत नाही. तो अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याला मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-चांदी पाठवतो आणि निरोप देतो की मी तुझा दास, तुझा पुत्र, येऊन मला वाचव.

तेव्हाच, यशया ८ मध्ये, देव सांगून ठेवतो की ज्या अश्शूरला बोलावताय तोच एक दिवस महानदीच्या, म्हणजे फरात नदीच्या, पुरासारखा यहूदात शिरेल आणि गळ्यापर्यंत पोचेल. गळ्यापर्यंत. त्या भाकितात पुराची बातमी आहे आणि पुराची खूणही आहे, पाणी कुठवर चढणार ते आधीच सांगितलंय. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर मला या एका ओळीत दिसतं, पण ते उलगडायला स्वारीच बघावी लागते.

मधल्या काळात इस्राएलची राजधानी शोमरोन पडते, साधारण ७२२ मध्ये, आणि ते उत्तरेचं राज्य संपतं. हिज्कीया गादीवर येतो, सुधारणा करतो, अश्शूरला खंडणी द्यायचं बंद करतो, आणि ७०१ मध्ये सन्हेरीब येतो. त्याच्या राजवाड्यातल्या नोंदींची सहा बाजूंची मातीची प्रिझम त्याच्या राजधानीत, निनवेला सापडली, ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, टेलर प्रिझम म्हणतात. त्यात तो म्हणतो मी हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि हिज्कीयाला त्याच्या राजनगरात पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. आकडे फुगवलेले असतील, राजे फुगवतातच, पण यहूदाची वाताहत झाली हे २ राजे १८ पण मान्य करतं, तिथेही लिहिलंय की त्याने यहूदाची सगळी तटबंदीची नगरं घेतली. पुराचं पाणी चढत होतं. हिज्कीयाने सन्हेरीबाकडे लाखीश नगराला माणूस पाठवून सांगितलं माझं चुकलं, तू म्हणशील ते देतो, आणि तीस किक्कार (वजनाचं जुनं मोठं माप) सोनं, तीनशे किक्कार चांदी दिली, मंदिराच्या दारांवरचा पत्रा उचकटून दिला. प्रिझममध्ये सोनं तेवढंच आहे, तीस, चांदी मात्र आठशे लिहिलीय. एवढं देऊनही सन्हेरीबाचा सरदार रब-शाके मोठं सैन्य घेऊन यरुशलेमच्या दारात आलाच.

आणि तो उभा कुठे राहतो? वरच्या तळ्याच्या नळापाशी, परीटाच्या शेताच्या रस्त्यावर. तीच जागा. जिथे बापाला देवाने सांगितलं होतं की माझ्यावर भरवसा ठेव, आणि बापाने अश्शूरवर ठेवला, तिथेच अश्शूर आता मुलासमोर उभा राहून विचारतोय की तुझा भरवसा कशावर आहे. देवाला आधी माहीत होतं म्हणजे काय हे समजायला ही एक जागा पुरे आहे. देवाने आहाजाला पुढचं सगळं सांगितलं होतं आणि तरी निवड आहाजाचीच होती, कुणी त्याचा हात धरून अश्शूरला खंडणी पाठवली नाही.

रब-शाकेचं भाषण जरा हळू वाचा, तो मूर्ख नव्हता. मिसरावर, म्हणजे इजिप्तवर, टेकाल तर तो चेपलेला बोरू आहे, हाताला टोचेल, हे तो म्हणतो आणि यशयाही तेच म्हणत आला होता. मी तुला दोन हजार घोडे देतो, त्यांच्यावर बसवायला तुझ्याकडे स्वार तरी आहेत का, असं विचारतो. हिज्कीयाने उच्चस्थानं (टेकड्यांवरची पूजास्थळं) पाडली हेही त्याला माहीत, म्हणजे हेरगिरी चांगली होती. तटावरच्या सामान्य लोकांना कळावं म्हणून मुद्दाम यहूदी भाषेत ओरडून बोलतो, हिज्कीयाचे अधिकारी एल्याकीम आणि मंडळी विनवतात की बाबा अरामीत बोल, तर आणखी मोठ्याने बोलतो. आणि मग तो वाक्य टाकतो जे ऐकून तटावरच्या लोकांच्या पोटात गोळा आला असेल, की मी परमेश्वराच्या मर्जीशिवाय आलोय का, परमेश्वरानेच मला सांगितलं या देशावर चाल करून जा.

ताई, इथे बहुतेक प्रचारक घाईने म्हणतात की तो खोटं बोलत होता. पण यशया १० काढून बघा, देव स्वतः म्हणतो अश्शूर माझ्या रागाची काठी आहे, मी त्याला अधर्मी राष्ट्रावर पाठवतो. म्हणजे अर्धं त्याचं खरं होतं. विरोधकाने देवाचं नाव घेऊन आपल्यावर यावं आणि त्यात थोडं तथ्य असावं, यापेक्षा अवघड वेळ विश्वासणाऱ्यावर येत नाही. आपल्याकडे म्हणतात देवाच्या काठीला आवाज नसतो, पण यशयाच्या १० व्या अध्यायातली ही काठी खूप आवाज करते, आणि तिच्या त्या आवाजावरच देव बोट ठेवतो.

त्या अध्यायातलं ७ वं वचन या सगळ्याची किल्ली आहे. देव म्हणतो, मी त्याला पाठवतोय, पण त्याच्या मनात ते नाही, त्याच्या मनात आहे नाश करायचा, एक नाही अनेक राष्ट्रं खलास करायची. दोन हेतू एकाच स्वारीत चालू आहेत. देवाचा हेतू एका बेइमान राष्ट्राला शिस्त लावायचा, त्याला मर्यादा आहे. सन्हेरीबाचा हेतू लूट आणि नाव, त्याला मर्यादा नाही. देवाने ती लालसा त्याच्या आत घातली असं यशया कुठेही म्हणत नाही, ती त्याची स्वतःची आहे, पिढीजात आहे, तिग्लथ-पिलेसरापासून चालत आलेली. देव तिला वाट देतो आणि बांधही घालतो. म्हणूनच १२ व्या वचनात देव म्हणतो की यरुशलेमवरचं माझं काम झालं की मी अश्शूरच्या राजाच्या गर्विष्ठ मनाचा झाडा घेईन. शिक्षा आज्ञा पाळल्याची नाही, आज्ञा पाळायचं त्याच्या मनातच नव्हतं, शिक्षा आहे ती त्याच्या मनात जे होतं आणि हाताने जे केलं त्याची. कुऱ्हाड तोडणाऱ्यासमोर फुशारकी मारेल का, हा यशयाचा प्रश्न आहे. त्याच अध्यायात अश्शूर म्हणतो की घरट्यातली अंडी गोळा करावीत तशी मी सारी पृथ्वी गोळा केली, कुणी पंख हलवला नाही, चिवचिव केली नाही. आता प्रिझममधलं पिंजऱ्यातलं पाखरू आठवा. तोच माणूस, तीच भाषा. यशयाने त्याला बरोबर ओळखला होता.

मग दोष कुणाचा या प्रश्नाला माझं सरळ उत्तर आहे की दोष सन्हेरीबाचाच, पूर्णपणे, आणि मर्यादा देवाची, तीही पूर्णपणे. निम्मं निम्मं वाटून घ्यायचं नाही. हे फक्त यशयात आहे असंही नाही. योसेफ त्याला विकणाऱ्या भावांना म्हणतो तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने त्यातच चांगलं योजलं. मिसरचा राजा फारो याच्याबद्दल देव मोशेला आधीच सांगतो की तो तुम्हाला जाऊ देणार नाही हे मला माहीत आहे, आणि पुढे निर्गमात कधी फारो स्वतःचं मन कठीण करतो आणि कधी देव ते कठीण करतो असं दोन्ही लिहिलंय. पेत्र पेन्टेकॉस्टच्या सणाला लोकांना म्हणतो येशू देवाच्या ठाम संकल्पाने आणि पूर्वज्ञानाने तुमच्या हाती दिला गेला, आणि त्याच दमात म्हणतो तुम्ही त्याला मारलंत. हे दोन कसे जुळतात याचं गणित बायबल मांडून दाखवत नाही, आणि जे कुणी ते पूर्ण सोडवून देतो म्हणतात त्यांच्यापासून मी जरा लांबच राहतो.

आता प्रार्थना. रब-शाकेच्या भाषणानंतर सन्हेरीब पत्र पाठवतो, तुझा देव तुला फसवेल, इतर राष्ट्रांच्या देवांनी त्यांना वाचवलं का म्हणून. हिज्कीया ते पत्र घेतो, वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवतो. कोर्टाची नोटीस आल्यावर आपण ती वकिलाच्या टेबलावर पसरतो ना, तसं. देवाला ते पत्र माहीत नव्हतं म्हणून नाही. पत्र शिव्याशापांनी भरलंय, ते वाचून देवाला नवीन काहीच कळणार नाही, पण ज्याच्या नावाला आव्हान दिलंय त्याच्यापुढे ते ठेवायचं हे हिज्कीयाला कळलं. त्याची प्रार्थना छोटी आहे. तो हेही कबूल करतो की अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उजाड केली हे खरंच आहे. संकट लहान करून सांगत नाही. मग म्हणतो आता आम्हाला सोडव, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या राज्यांना कळेल की तूच एकटा देव आहेस.

उत्तर यशया पाठवतो आणि उत्तराची सुरुवात बघा, तू माझ्याजवळ सन्हेरीबाविषयी प्रार्थना केलीस म्हणून. आणि थोडंच पुढे देव सन्हेरीबाला म्हणतो, तू ऐकलं नाहीस का, हे मी फार पूर्वी ठरवलं होतं, प्राचीन काळापासून योजलं होतं, आता घडवून आणतोय. एकाच उत्तरात दोन्ही! पूर्वी ठरवलं होतं, आणि तू प्रार्थना केलीस म्हणून. यशयाला यात विसंगती वाटत नाही. हिज्कीयाची प्रार्थना देवाच्या योजनेच्या बाहेरून येऊन तिला धक्का देत नाही, ती योजनेच्या आतच आहे, आणि तरी ती खरी प्रार्थना आहे, त्याने केली नसती तर उत्तराचं पहिलं वाक्यच नसतं. याला आणखी एक साक्ष यिर्मया २६ मध्ये आहे. शंभरेक वर्षांनी यिर्मयाला मारायला उठलेल्या लोकांना वडीलधारी मंडळी आठवण करून देतात की हिज्कीयाच्या काळात मीखा संदेष्ट्याने सांगितलं होतं सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखा नांगरला जाईल, तेव्हा हिज्कीयाने परमेश्वराचं भय धरलं, विनवणी केली, आणि देवाने ते अरिष्ट टाळलं. देवाचा संदेष्टा बोलून गेला होता, तरी दार उघडं होतं.

मग देव सन्हेरीबाला म्हणतो, तुझं बसणं, तुझं जाणं, तुझं येणं आणि माझ्यावरचा तुझा संताप मला माहीत आहे. स्तोत्र १३९ मध्ये दावीद हेच बसणं-उठणं आधार म्हणून गातो, इथे तेच एका सम्राटाला इशारा म्हणून सांगितलंय. विरोध करणारा जेव्हा खोलीत बसून बेत करतो तेव्हा तो एकटा नसतो. अलीशाच्या गोष्टीत अरामच्या राजाला चाकर सांगतात की तुम्ही शयनगृहात बोलता ते तो संदेष्टा इस्राएलच्या राजाला सांगतो, तेच इथे मोठ्या प्रमाणावर आहे. आणि पुढे देव म्हणतो मी तुझ्या नाकात वेसण घालीन, तोंडात लगाम घालीन आणि आलास त्याच वाटेने परत फिरवीन. हे नुसतं अलंकारिक नाही. सन्हेरीबाचा मुलगा एसरहद्दोन याच्या एका शिळेवर हरलेले शत्रू दाखवलेत, ओठांतून दोरी ओवलेली आणि दोरीची टोकं एसरहद्दोनाच्या हातात, ती शिळा बर्लिनला आहे. जे अश्शूरचे राजे दुसऱ्यांचं करत होते तेच देव म्हणतो मी तुझं करीन.

हिज्कीयाला दिलेलं चिन्ह मात्र मला सगळ्यात जवळचं वाटतं, आणि गावाकडे शिकवताना शेतकरी मंडळी तिथे लगेच थांबतात. देव म्हणतो या वर्षी आपोआप उगवलेलं खाल, दुसऱ्या वर्षी त्याच्यापासून आलेलं, आणि तिसऱ्या वर्षी पेराल आणि कापाल. म्हणजे सैन्य निघून गेलं तरी दोन हंगाम पेरणी बुडालेली राहणार, पडलेल्या दाण्याचं उगवलेलं वेचून दिवस काढायचे, आणि देवाला ते माहीत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. सुटका खरी होती आणि नुकसानही खरं होतं.

शेवट तुम्हाला माहीत असेल, परमेश्वराचा दूत गेला आणि अश्शूरच्या छावणीत १,८५,००० मेले, सन्हेरीब निनवेला परतला. मंडळीत सगळे प्रश्न या आकड्यावर येतात, साथ होती का, कसं झालं. हेरोडोटस नावाच्या ग्रीक लेखकाने एक वेगळीच हकीकत लिहिलीय, की मिसरच्या सीमेवर सन्हेरीबाच्या सैन्याच्या धनुष्याच्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या. मी त्यात फार शिरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की सन्हेरीबाच्या स्वतःच्या नोंदीत ४६ नगरांचा पाडाव आहे, खंडणी आहे, पिंजऱ्यातलं पाखरू आहे, पण यरुशलेम घेतलं असं वाक्य नाही. देवाने सांगितलं होतं तो या नगरात येणार नाही, बाण मारणार नाही, वेढ्याचा चढाव उभारणार नाही. आणि वीस वर्षांनी, ६८१ मध्ये, त्याला त्याच्या मुलांनीच मारलं, बायबल म्हणतं निस्रोख देवाच्या मंदिरात पूजा करत असताना, बाबेलच्या इतिहासनोंदीतही मुलाने मारल्याचं आहे. तो हिज्कीयाला म्हणाला होता तुझा देव तुला वाचवू शकणार नाही.

आता अवघड भाग, आणि हा मी टाळणार नाही कारण तुम्ही विचारलंय की मग होऊच का देतो. तो वेढ्याचा चढाव यरुशलेमला उभारला गेला नाही, पण लाखीशला उभारला गेला. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर, आजही तिथे दिसतो, दगडमातीचा. सन्हेरीबाने निनवेच्या राजवाड्यात एका खोलीच्या भिंतींवर लाखीशचा पाडाव कोरून घेतला होता, ते दगड पण आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला भिडलेली यंत्रं, वरून मशाली फेकणारे लोक, खांबांवर टांगलेली माणसं, आणि मग रांगेत बाहेर पडणारी कुटुंबं, बैलगाडीवर बोचकी, त्यावर बसलेल्या बायका आणि पोरं. ती यहूदाची माणसं होती. देवाचेच लोक. त्यांनीही प्रार्थना केली असणार. पाणी गळ्यापर्यंत येईल हे भाकीत लिहिताना त्या गळ्याखाली लाखीश होतं, त्या गाडीवरची पोरं होती.

म्हणून मी कुणालाही असं सांगत नाही की विश्वास ठेवला तर तुमच्या दारात अश्शूर येणारच नाही. यशया ते सांगत नाही. तो सांगतो की पुराला खूण आहे आणि ती खूण पाण्याने ठरवलेली नाही. लाखीशच्या त्या एका बाईला हे कसं सांगायचं ते मला जमत नाही, आणि मला वाटतं ते जमवायचा प्रयत्न न करता तिच्याबरोबर रडणं जास्त बायबलला धरून आहे, बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक त्यासाठीच आहे.

आणि यरुशलेम तरी कायमचं सुटलं का? नाही. ५८६ मध्ये बाबेलच्या हातून तेच नगर, तेच मंदिर जळालं. ७०१ ची सुटका लोकांनी विमा पॉलिसीसारखी धरली होती, यिर्मया ७ मध्ये ते परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर असं म्हणत बसलेत आणि बाहेर परक्याला, अनाथाला, विधवेला छळतायत. यशयाने हे ७०१ च्या वेळीच ओळखलं होतं. हिज्कीयाने पाण्याची सोय म्हणून खडकातून बोगदा खणला, गीहोनच्या झऱ्यापासून शिलोहच्या तळ्यापर्यंत, ५३३ मीटर, दोन्हीकडून खणत माणसं मध्ये भेटली, तसा शिलालेख १८८० मध्ये सापडला, फार मोठं काम. पण यशया २२ मध्ये तो यरुशलेमकरांना म्हणतो तुम्ही दोन तटांच्या मध्ये हौद बांधला, पण ज्याने हे फार पूर्वी योजलं त्याच्याकडे पाहिलं नाही. नेमकं हेच सन्हेरीबाला सांगितलं होतं, मी फार पूर्वी योजलं हे तू ऐकलं नाहीस का. शत्रू आणि आपली माणसं दोघांचा आजार एकच निघाला. बोगदा खणू नका असं यशया म्हणत नाही, खणा, पण डोळे कुठे आहेत ते बघा.

आता तुमच्या घराकडे येतो. तुमच्या नातेवाइकांना लगेच सन्हेरीब करून टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो. तो साम्राज्य चालवणारा राजा होता, तुमच्या सासूबाईंना मुलगा हातचा जाईल आणि समाजात तोंड दाखवता येणार नाही याची भीती असेल, ती भीती खरी असते आणि तिच्याशी प्रेमाने वागावं लागतं. पण जेव्हा खरंच कुणी रब-शाकेसारखं बोलतं, तुमचा देव काय करणार म्हणून, तेव्हा तटावरच्या लोकांनी काय केलं ते बघा, ते गप्प राहिले, राजाची आज्ञा होती की त्याला उत्तर देऊ नका. प्रत्येक टोमण्याला उत्तर द्यायची गरज नाही. उत्तर ज्याला द्यायचंय त्याच्यापुढे पत्र नेऊन उलगडायचं, आणि उलगडताना ते आहे तसं ठेवायचं, कमी-जास्त न करता.

आणि प्रार्थनेत काय मागायचं? प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये पेत्र आणि योहान धमक्या घेऊन सुटून येतात, मंडळी एकत्र प्रार्थना करते. ते हेरोद, पोंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएल लोक यांची नावं घेऊन म्हणतात की जे काही घडावं असं तुझ्या हाताने आणि संकल्पाने आधी ठरवलं होतं तेच त्यांनी केलं. म्हणजे तुमचाच प्रश्न त्यांच्यासमोर आहे. पण त्यावरून ते काय मागतात, तर धमक्यांकडे बघ आणि आम्हाला धैर्याने वचन सांगता येऊ दे. शत्रूचा नाश कर असं त्या प्रार्थनेत नाही. अलीशाच्या गोष्टीतही दोथानला वेढा घालून बसलेलं अरामी सैन्य आंधळं होऊन शोमरोनात अडकतं, राजा विचारतो मारू का, आणि अलीशा म्हणतो जेवायला घाल, पाणी दे आणि घरी पाठव. राजा त्यांना मोठी मेजवानी देतो. देवाची ताकद दाखवायची ही पण एक पद्धत आहे आणि ती माझ्या मते १,८५,००० पेक्षा कमी मोठी नाही.

ज्या यशयाने अश्शूरला काठी म्हटलं, कुऱ्हाड म्हटलं, त्याच्याच पुस्तकात १९ व्या अध्यायाच्या शेवटी जे आहे ते वाचल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, आणि नवल म्हणजे बहुतेकांनी ते कधी वाचलेलंच नसतं. तिथे देव म्हणतो एक दिवस येईल, मिसर ते अश्शूर रस्ता असेल, दोघं मिळून उपासना करतील, आणि आशीर्वाद असा, माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर आणि माझं वतन इस्राएल. माझ्या हातची कृती अश्शूर! ज्याच्या नाकात वेसण घालायची त्यालाच. निनवेच्या आसपासच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलच्या भागात शतकानुशतकं ख्रिस्ती मंडळ्या राहत आल्या आहेत, फार छळ सोसून, आणि सुरियानी परंपरेच्या मंडळ्या योना संदेष्ट्याच्या वेळच्या निनवेकरांच्या पश्चात्तापाची आठवण म्हणून तीन दिवसांचा उपास पाळतात, आपल्या केरळातल्या सुद्धा. म्हणून घरातल्या ज्या माणसाचं नाव तुम्ही प्रार्थनेत सध्या तक्रार म्हणून घेताय, ते तसंच घेत राहा, पण त्याच प्रार्थनेत हे १९ व्या अध्यायातलं वाक्यही त्याच्या नावाशेजारी ठेवा. यशया ७, ८, १०, १९, २२, ३६, ३७ हे अध्याय एकदा सलग वाचून काढा, मग रोमकरांस ९ उघडा, आणि तेव्हा काही अडलं तर परत विचारा.